नेपियर टाऊनमधील जुनी घरे : खिडक्या व भिंतींचे उष्णतारोधन

देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे चौथा हिस्सा घरगुती ग्राहकांकडे जातो. उन्हाळ्यातील चार महिन्यांत त्यातला मोठा भाग पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे चालविण्यात खर्ची पडतो. वीज वाचविण्याचा विषय निघाला की चर्चा सामान्यतः दिवे, पंखे व यंत्रांच्या तारांकनापाशी थांबते. यंत्राला ज्या उष्णतेशी झुंजावे लागते ती घरात येते कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नव्या इमारतींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर नियमांत शोधता येते. तथापि, आज उभ्या असलेल्या घरांपैकी बहुतेक घरे पुढील काही दशके तशीच उभी राहणार आहेत. म्हणून जुन्या घराच्या डागडुजीचा प्रसंग हा ऊर्जाबचतीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. असा प्रसंग एका घराच्या वाट्याला वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येतो.

जबलपूर शहरातील नेपियर टाऊन ही वस्ती या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. रसल चौक, भंवरताल उद्यान आणि शेजारचे राइट टाऊन यांच्या परिसरात वसलेल्या या भागात जुनी बंगलेवजा घरे, स्वातंत्र्योत्तर काळातील स्लॅबची दुमजली घरे आणि अलीकडच्या बहुमजली इमारती एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी दिसतात. १८६१ मध्ये सागर-नर्मदा प्रदेश नागपूरशी जोडून मध्य प्रांताची निर्मिती झाली. तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपूरहून चालला. नोकरी, वकिली, शिक्षण आणि रेल्वे यांच्या निमित्ताने येथे आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या या शहरात राहिली. त्यांच्या घरांतील प्रश्न नागपूर, अमरावती वा वर्ध्याच्या वाचकालाही परके वाटणार नाहीत.

संमिश्र हवामानाची अडचण

राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे त्यांपैकी संमिश्र विभागात मोडतात. वर्षातला कोणताही एक ऋतू येथे सर्वकाळ टिकत नाही, असा या संज्ञेचा अर्थ. मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या आसपास जाते व हवा कोरडी असते. जूनअखेर पाऊस सुरू होतो. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १३०० ते १४०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस सप्टेंबरपर्यंत पडून जातो आणि या काळात हवा दमट राहते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते. उन्हाळ्यात उष्णता बाहेर ठेवणारी, पावसाळ्यात वारा आत घेणारी आणि हिवाळ्यात ऊब धरून ठेवणारी अशी भिंत व खिडकी या शहराला हवी आहे.

थंड देशांतून आलेले उपाय जसेच्या तसे स्वीकारणे म्हणूनच धोक्याचे ठरते. १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोपातील अनेक देशांनी भिंतींना उष्णतारोधक आवरण घालण्याचे आणि दुहेरी काचांच्या खिडक्या बसविण्याचे नियम केले. जर्मनीचा यासंबंधीचा नियम १९७७ मध्ये लागू झाला. तेथे घरातील ऊब बाहेर जाऊ न देणे हे एकच उद्दिष्ट होते. आपल्याकडे जाहिरातींतून येणारी बंदिस्त खिडकी ही त्या उद्दिष्टाची उपज आहे. जबलपूरच्या मे महिन्यातील प्रश्न प्रथमतः उन्हाचा आहे, हवेच्या तापमानाचा नंतर.

सूर्याचा कोन

जबलपूर २३ अंश १० कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर असतो. २१ मार्चच्या मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर आणि २१ डिसेंबरला सुमारे ४३ अंशांवर असतो. या तीन आकड्यांत घराच्या रचनेचे बरेचसे शहाणपण साठविलेले आहे.

दक्षिणेकडील खिडकीवर ६० सेंटिमीटर रुंदीचा छज्जा असेल तर मार्चमधील मध्यान्ही त्याची सावली सुमारे १४० सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे नेहमीच्या उंचीची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये तीच सावली सुमारे ५७ सेंटिमीटरच असते आणि खिडकीच्या उरलेल्या भागातून कोवळे ऊन खोलीत येते. एकदा बांधलेला छज्जा काहीही न हलविता ऋतुमानाप्रमाणे काम करतो. पूर्व आणि पश्चिम दिशांना मात्र छज्ज्याचा उपयोग थोडा. तेथे सूर्य तिरपा येतो व छज्ज्याखालून आत शिरतो. उन्हाळ्यात सर्वाधिक ताप देणाऱ्या भिंती याच होत. उत्तरेच्या भिंतीला मे-जूनमध्ये सकाळी लवकर आणि सायंकाळी थोडे ऊन लागते, एरवी ती निर्धोक असते.

जुन्या बंगल्यांच्या पश्चिमेला व्हरांडा का असे, याचे उत्तर येथे मिळते. पुढील काळात जागेची गरज वाढली, व्हरांडे वीटकामाने बंद करून त्यांच्या खोल्या केल्या गेल्या आणि सावलीतली भिंत उन्हात आली. नेपियर टाऊनसारख्या वस्त्यांतील कित्येक घरांच्या उकाड्याचे मूळ या एका फेरबदलात सापडते. डागडुजीच्या वेळी असा व्हरांडा पुन्हा मोकळा करता आला, तर दुसरे कोणतेही आवरण घालण्याआधी निम्मे काम होऊन जाते. मात्र वाढलेल्या कुटुंबाला ती खोली सोडणे सहसा परवडत नाही, हेही तितकेच खरे.

काच, भिंत आणि थोडे गणित

भिंतीतून उष्णता किती वेगाने आत येते हे मोजण्यासाठी अभियंते यू-मूल्य वापरतात. एक चौरस मीटर पृष्ठभागातून, आतल्या व बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता वाहते हे त्यावरून कळते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे २ येते. जुन्या बंगल्यातील दीड फुटी भिंतीचे ते १.३ च्या जवळपास असते. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य ५.७ च्या आसपास, तर मधे १२ मिलिमीटर हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे २.८ च्या आसपास असते. चार इंची उघड्या स्लॅबचे मूल्य तीन ते साडेतीन भरते.

या आकड्यांवरून काच बदलणे हा पहिला उपाय वाटू शकतो. प्रत्यक्षात तसे नाही. समजा, पश्चिमेकडील खोलीची बाह्य भिंत ४ मीटर लांब व ३ मीटर उंच आहे आणि तिच्यात दीड चौरस मीटरची एक खिडकी आहे. मे महिन्यात दुपारी एक ते सहा या वेळेत त्या खिडकीवर सरासरी ४५० वॅट प्रति चौरस मीटर ऊन पडते असे गृहीत धरले, तर साध्या काचेतून दिवसाकाठी सुमारे २.७ युनिट उष्णता केवळ किरणांच्या रूपाने आत येते. उरलेल्या साडेदहा चौरस मीटर भिंतीचा बाह्य पृष्ठभाग दिवसरात्रीच्या सरासरीने खोलीपेक्षा १० अंश अधिक तापलेला मानला, तर त्या संपूर्ण भिंतीतून २४ तासांत सुमारे ५ युनिट उष्णता येते. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने काच भिंतीच्या जवळजवळ चौपट ताप देते.

साधी पारदर्शक दुहेरी काच बसविली तर वहनाने येणारी उष्णता निम्मी होते. थेट ऊन मात्र थोडेच कमी होते, कारण किरण दोन्ही काचांतून आत येतात. उष्णकिरण परतविणाऱ्या लेपाची, बाजारात लो-ई या नावाने मिळणारी काच अधिक उपयोगी असली तरी महाग असते. त्याऐवजी खिडकीच्या बाहेरून बांबूची चीक सोडली आणि तिने ८० टक्के ऊन अडविले, तर उन्हाची उष्णता २.७ युनिटवरून अर्ध्या युनिटच्या आसपास येते. चीक बाहेरूनच हवी. आतला जाड पडदा ऊन अडवितो खरा, पण तोवर उष्णता खोलीत आलेली असते. पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीला देतो. काचेवर गडद फिल्म चिकटविण्याची पद्धतही लोकप्रिय आहे. तीमुळे दिवसा दिवे लावावे लागतात आणि हिवाळ्यातील हवेसे ऊनही नाहीसे होते.

भिंतीचे गणित वेगळे आहे. तिचा दोष वेळेचा आहे. नऊ इंची विटेतून उष्णतेची लाट आत पोहोचण्यास सुमारे सहा-सात तास लागतात. दुपारी चार वाजता तापलेली पश्चिमेची भिंत रात्री दहा-अकराच्या सुमारास, म्हणजे माणसे अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा, आतून तापते. दीड फुटी भिंतीत हाच विलंब बारा-चौदा तासांपर्यंत जातो. उष्णता पहाटे आत पोहोचते, तीही बरीच मंदावून, आणि त्या वेळी खिडक्या उघडल्या की ती बाहेर काढता येते. जुन्या घरांतील गारव्याचे रहस्य जाडीत आहे. नव्या घरात ती जाडी परवडत नाही, म्हणून उष्णतारोधक थराचा विचार करावा लागतो.

नऊ इंची भिंतीवर बाहेरून २५ मिलिमीटर जाडीचा थर्मोकोलचा दाट थर लावल्यास यू-मूल्य २ वरून ०.८३ वर येते. ५० मिलिमीटर लावल्यास ते ०.५२ होते. पहिल्या इंचाने जेवढे मिळते त्याच्या सुमारे चौथाई लाभ दुसऱ्या इंचाने मिळतो. तिसऱ्या इंचाचा आग्रह या हवामानात धरण्याचे कारण नाही. ५० मिलिमीटरच्या थराने वरील उदाहरणातील भिंतीची पाच युनिट उष्णता सुमारे १.३ युनिटवर येते. खोलीत वातानुकूलन यंत्र असेल आणि ते खर्चलेल्या विजेच्या तिप्पट उष्णता बाहेर टाकत असेल, तर रोज सुमारे सव्वा युनिट व ९० दिवसांच्या उन्हाळ्यात सुमारे ११० युनिट वीज वाचते. हा आकडा आपल्या देयकातील दराने गुणून, कंत्राटदाराने सांगितलेल्या खर्चाशी ताडून पाहावा. एकट्या विजेच्या हिशेबाने भिंतीचे आवरण लवकर फिटत नाही. ज्या घरात यंत्रच नाही तेथे लाभ झोपेच्या रूपाने मिळतो. वृद्ध, लहान मुले व आजारी माणसे यांच्या दृष्टीने तो कमी मोलाचा नाही, पण देयकात तो दिसत नाही.

थर बाहेरून की आतून, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. बाहेरून लावलेल्या थराने विटांची उष्णता साठविण्याची शक्ती खोलीच्या बाजूला राहते. रात्रीच्या गार हवेने थंड केलेली भिंत दुसऱ्या दिवशी बराच वेळ गार राहते. दिवसभर वापरल्या जाणाऱ्या घराला हे हितावह. रात्री काही तासच यंत्र चालवायच्या शयनगृहात, किंवा ज्या घराचा दर्शनी भाग बदलायचा नाही तेथे, आतून थर लावणे सोयीचे पडते. खोली लवकर गार होते. मात्र ती तितक्याच लवकर तापते आणि खोलीच्या रुंदीतील दोन-तीन इंच जातात.

विटांचाच आग्रह असेल तर जुन्या भिंतीबाहेर दोन इंच पोकळी सोडून साडेचार इंची दुसरी भिंत उभारता येते. तिने यू-मूल्य १.२ च्या आसपास येते, म्हणजे एक इंच थर्मोकोलइतकाही लाभ होत नाही. शिवाय तिला पाया हवा आणि जुन्या भिंतीशी पक्का सांधा हवा. जबलपुरात या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

२२ मे १९९७

त्या दिवशी पहाटे सव्वाचारनंतर जबलपूर परिसर भूकंपाने हादरला. रिश्टर मापनावर सुमारे ६ तीव्रतेच्या या धक्क्याने चाळीसच्या आसपास माणसांचा बळी घेतला आणि हजारो घरांचे नुकसान झाले. मातीच्या वा चुन्याच्या कमकुवत सांध्यांत बांधलेल्या विटांच्या भिंतींना सर्वाधिक तडाखा बसला. नर्मदेच्या खोऱ्यातील जुन्या भूभंगांची जाणीव सर्वसामान्यांना त्या दिवशी झाली. भूकंपविषयक भारतीय मानक १८९३ च्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत जबलपूर तिसऱ्या क्षेत्रात दाखविलेले आहे.

उष्णतारोधनाच्या लेखात भूकंप का, असे वाटण्याचा संभव आहे. कारण असे की, डागडुजीत खिडकी मोठी करणे म्हणजे भिंतीचा एक भाग काढून टाकणे होय, आणि भिंतीवर आवरण घालणे म्हणजे तिच्या भेगा दृष्टीआड करणे होय. १९९७ मध्ये पडलेल्या भेगांवर अनेक ठिकाणी गिलाव्याचा हात फिरविला गेला. अशा भिंतीवर आता दोन इंचांचा थर चढविला, तर पुढील धक्क्यापर्यंत तिची प्रकृती कोणालाच कळणार नाही.

विटांच्या घरांतील उघड्या भागांविषयी भारतीय मानक ४३२६ मध्ये मर्यादा सांगितल्या आहेत. त्यातील कडक श्रेणीचा आधार घेतला, तर एकमजली घरात दारे-खिडक्यांची एकत्रित रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक असू नये, कोपऱ्यापासून पहिली खिडकी निदान ४५ सेंटिमीटर दूर असावी आणि दोन खिडक्यांमध्ये निदान ५६ सेंटिमीटर अखंड भिंत राहावी. दुमजली घरात उघड्या भागाचे प्रमाण ४२ टक्क्यांवर येते. जास्त उजेडासाठी कोपऱ्यातली भिंत फोडून दोन्ही बाजूंना वळणारी काचेची खिडकी बसविण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती विटांच्या भारवाही घरात अक्षम्य आहे.

जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व बळकटीकरणासाठी मानक १३९३५ उपलब्ध आहे. जुना गिलावा काढून भेगांत दाबाखाली सिमेंटचे पातळ मिश्रण भरणे, लिंटेलच्या पातळीवर आणि कोपऱ्यांत वेल्डेड जाळीचे पट्टे भिंतीला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधणे व त्यावर सिमेंटचा गिलावा करणे, अशी ही रीत आहे. तिला परांची लागते, गिलावा फोडावा लागतो, घराबाहेर राहावे लागते. उष्णतारोधक थर लावण्यासाठीही नेमके हेच लागते. दोन्ही कामे एकाच परांचीवर, आधी जाळी व मग थर अशा क्रमाने केल्यास दुसऱ्या कामाचा बराच खर्च पहिल्यात सामावतो. या शहरात भिंतीच्या आवरणाचे समर्थन करायचेच झाले तर ते विजेपेक्षा या हिशेबावर अधिक भक्कमपणे करता येते. भेगा भरण्याआधी स्थापत्य अभियंत्याकडून भिंत तपासून घेणे अर्थातच आवश्यक आहे.

ओल, आग आणि वाळवी

जबलपूरजवळच्या कटनीचा चुना प्रसिद्ध आहे. त्या चुन्याच्या सांध्यांत बांधलेल्या जुन्या भिंती ओल शोषतात आणि कोरड्या हवेत ती बाहेर टाकतात. अशा भिंतीवर बाहेरून पक्का सिमेंटचा गिलावा किंवा वाफ न सोडणारा थर चढविला की जमिनीतून वर येणारी ओल आत कोंडते. दोन पावसाळ्यांत आतला रंग फुगू लागतो, चार पावसाळ्यांत विटांवर पांढरी बुरशीसारखी लोणी दिसते. म्हणून चुन्याच्या भिंतीवर वाफ जाऊ देणारा रॉकवूलसारखा थर व चुन्याचाच गिलावा अधिक योग्य. आधी छताची गळती, नळांची झिरप आणि पायाशी साचणारे पाणी बंद करावे. भिंत एक उन्हाळा सुकू द्यावी. मगच आवरणाचा विचार करावा. घाईच्या कंत्राटात हा उन्हाळा कोणी देत नाही.

थर्मोकोल पेटते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग बाह्य आवरणातून मजल्यामागून मजले चढत गेली आणि ७२ जणांचा मृत्यू झाला. तेथील आवरणाचे पदार्थ वेगळे होते, तरी ज्वलनशील थर इमारतीभोवती अखंड गुंडाळण्यातला धोका तोच आहे. आग मंदावणाऱ्या प्रतीचाच माल घेणे, तो कोठेही उघडा न ठेवता जाळीयुक्त गिलाव्याने पूर्ण झाकणे आणि दर मजल्याला तसेच खिडक्यांच्या माथ्यावर न जळणाऱ्या रॉकवूलचा पट्टा देणे, ही किमान दक्षता होय. वाळवी थर्मोकोल खात नाही, पण त्यातून वाट पोखरून चौकटीपर्यंत पोहोचते. म्हणून थर जमिनीपासून फूटभर वर थांबवावा.

चौकटीची दुरुस्ती

नेपियर टाऊनच्या जुन्या घरांत सागवानी चौकटी व दुहेरी झडपांच्या खिडक्या आजही आढळतात. डागडुजीत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात. हा बदल दोन कारणांनी तपासून पाहण्याजोगा आहे. ॲल्युमिनियम लाकडाच्या कित्येक शे पट उष्णतावाहक आहे. उन्हात तापलेल्या चौकटीला आतून हात लावला तरी ते कळते. दुसरे कारण वाऱ्याचे. सरकती खिडकी केवळ निम्मी उघडते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून ती रचली असली, तरी जुन्या घराला मापदंड म्हणून ती उपयोगी आहे. संमिश्र हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १२.५ टक्के असावे, असे ती सांगते. १६ चौरस मीटरच्या खोलीला म्हणजे २ चौरस मीटर. पूर्ण उघडणारी तेवढीच जुनी खिडकी ही अट पुरी करते. तिच्या जागी त्याच मापाची सरकती खिडकी बसविली की उघडीप ६.२५ टक्क्यांवर येते आणि ऑगस्टमधील दमट रात्री त्या खोलीत काढणे कठीण होते.

जुन्या चौकटी सडल्या नसतील तर सुताराकडून त्या ठाकठीक करून घ्याव्यात. बिजागऱ्या बदलाव्यात, झडपांच्या कडांना रबरी पट्टी बसवावी, चौकट आणि भिंत यांमधील फट भरून घ्यावी. मेमधील झळा व धूळ मुख्यतः या फटींतून येते. दीड फुटी भिंतीत आतल्या कडेला लाकडी झडपा तशाच ठेवून बाहेरच्या कडेला काचेच्या झडपांची दुसरी जोडी बसविता येते. मधे राहणारी हवा दुहेरी काचेचे काम बऱ्याच अंशी करते आणि वाहनांचा आवाजही कमी होतो. कारखान्यात तयार होणाऱ्या दुहेरी काचेपेक्षा हा उपाय स्वस्त असून मोहल्ल्यातील सुताराला तो करता येतो. रात्री खिडकी उघडी ठेवता यावी म्हणून गज व मच्छरजाळी हवीच. त्यांच्याविना रात्रीच्या वाऱ्याने भिंती गार करण्याची सारी योजना कागदावर राहते.

कूलर व रोशनदान

मध्य भारतातील घरांचे बाहेरच्या पुस्तकांना ठाऊक नसलेले वैशिष्ट्य म्हणजे कूलर. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर हवेला २७-२८ अंशांपर्यंत उतरवितो आणि त्यासाठी वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो. मात्र त्याने आत लोटलेल्या हवेला बाहेर जाण्यास वाट हवी. खोली बंद केली तर काही वेळात ती दमट होते व कूलर निकामी ठरतो. जुन्या घरांतील छताजवळची रोशनदाने हीच वाट पुरवीत. वातानुकूलन यंत्र बसविताना ती विटांनी बुजविली जातात. पुढे वीज गेली, यंत्र बिघडले किंवा देयक परवडेनासे झाले की त्या खोलीला कूलरही चालत नाही. रोशनदान बुजविण्याऐवजी त्याला रबरी पट्टीची, दोरीने उघडझाप होणारी झडप बसविली तर एप्रिल-मेमध्ये कूलर, जुलै-ऑगस्टमध्ये वारा वा यंत्र आणि हिवाळ्यात बंद खोली, असे तिन्ही पर्याय खुले राहतात.

हिवाळ्याबाबत एक इशारा आवश्यक आहे. जानेवारीच्या रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवण्याची सवय या भागात अजून आहे. फटी बुजविलेल्या खोलीत अशी शेगडी कार्बन मोनॉक्साइडने जीव घेते. या वायूला रंग वा वास नसतो. खिडक्या घट्ट केल्यानंतर शेगडी खोलीबाहेरच राहिली पाहिजे.

छत आणि भाडेकरू

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने वरच्या मजल्यावर सर्वाधिक ताप स्लॅबमधून येतो. इको-निवास संहितेने छताचे यू-मूल्य १.२ च्या आत मागितले आहे. उघडा स्लॅब त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. दरवर्षी मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचा हात देणे, फुटक्या पांढऱ्या टाइलांचे चिनी मोझॅक करणे किंवा जलरोधनाखाली थर घालणे, यांपैकी काहीही भिंतीच्या आवरणाआधी करणे शहाणपणाचे. पैसा मर्यादित असेल तर आधी छत, मग पश्चिमेच्या व पूर्वेच्या खिडक्यांची बाह्य सावली, त्यानंतर फटी आणि सर्वांत शेवटी पश्चिमेची भिंत, हा क्रम जबलपूरला लागू पडतो. उत्तरेच्या भिंतीवर व छज्ज्याखालील दक्षिणेच्या भिंतीवर खर्च करण्याची सहसा गरज नसते.

या सर्व हिशेबात एक गाठ सुटत नाही. जुन्या वस्त्यांतील अनेक घरांत भाडेकरू राहतात. विजेचे देयक भाडेकरू भरतो आणि भिंतीचा खर्च मालकाने करावयाचा असतो. लाभ एकाचा व खर्च दुसऱ्याचा, त्यामुळे दोघेही स्वस्थ बसतात. जुनी भाडी अत्यल्प असल्यास मालकाचे लक्ष डागडुजीपेक्षा भूखंडाच्या किमतीकडे लागते आणि घर पाडून तेथे बहुमजली इमारत उभी राहते. तिच्या पश्चिमेला व्हरांड्याऐवजी काच असते. पुढे या काचेचा भार शहराच्या वीजजाळ्यावर पडतो. मध्य प्रदेशच्या वीज कंपन्यांचे मुख्यालय असलेले शक्तिभवन याच शहरात, रामपूर भागात आहे, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही ऊर्जासंहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला. तिचा रोख प्रामुख्याने नव्या व मोठ्या इमारतींकडे आहे. जुन्या घराच्या मालकाला डागडुजीसाठी अल्प व्याजाचे कर्ज, मालमत्ता करात सवलत किंवा नगरपालिकेकडून अभियंत्याचा विनामूल्य सल्ला मिळावा, यासाठी वेगळा विचार लागेल. तोपर्यंत भाडेकरूच्या हातात बाहेरची चीक, रबरी पट्टी आणि छतावरचा चुना एवढे उपाय उरतात. त्यांपैकी एकालाही मालकाची लेखी संमती घ्यावी लागत नाही.